कंदीलवाला, घंटावाली आणि कट्ट्यावरचा शब्द

फार पूर्वी, एका डोंगरखिंडीच्या तोंडाशी एक गाव होतं. गावाचं नाव विचारू नका. अशी गावं अजूनही पुष्कळ आहेत आणि नाव घेतलं की ज्याला त्याला ते शेजारचंच गाव वाटतं.

त्या गावात धुकं यायचं. आपल्याकडे येतं तसं ऊन पडलं की विरून जाणारं बापडं धुकं नव्हे. त्या धुक्याला कान होते. गावात कोण कसं बोलतं, कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं, हे सगळं ते ऐकून ठेवायचं. मग वरच्या माळावर गवताला गेलेला किंवा पलीकडच्या गावाला निघालेला माणूस सापडला, की त्याच्या घरच्याच आवाजात त्याला हाक मारायचं. "अरे, इकडे ये, जेवायला वाढलंय." माणूस हाकेच्या रोखाने चालू लागायचा. हाक कड्याच्या बाजूने आलेली असायची. पुढचं सांगायला नको.

जिवंत माणसाचा असो की मेलेल्याचा, कुठलाही आवाज त्या धुक्याला यायचा. काशाचा आवाज तेवढा त्याला काढता येत नसे. म्हणून खिंडीत एका खोपटात घंटावाली राहायची. धुकं उतरलं की ती काशाची घंटा वाजवायची आणि घंटेच्या रोखाने चालणारा माणूस घरी पोचायचा. आजीची घंटा आईकडे आली होती, आईची साळूकडे. साळू लग्नाचं वय उलटलेली, धिप्पाड, मनाने चांगली आणि तोंडाने फटकळ बाई होती. तिच्या तोंडी लागायला गावातले बाप्येही कचरायचे.

त्याच गावात केरोबा नावाचा कंदीलवाला होता. तो काजव्यांचे कंदील करायचा. काजवे त्याच्या बोटावर येऊन बसायचे, गूळपाणी प्यायचे, कधी रुसायचे, मग तो त्यांची समजूत काढायचा. कंदील खरोखरच देखणे असायचे. केरोबाला त्यांचा मोठा अभिमान होता, आणि अभिमानी माणसाला ओरबाडायला नखही लागत नाही.

एकदा एक परगावचा वाटसरू केरोबाचा कंदील घेऊन खिंडीत आला. साळूला म्हणाला, "मला घंटा कशाला हवी, बाई? माझ्यापाशी कंदील आहे."

साळू म्हणाली, "धुक्यात हा वर धर. तुला कंदील छान दिसेल. वाट नाही दिसायची."

बोलणं खरं होतं. पण ते गावभर झालं, पाणवठ्यावर हसणं झालं, आणि केरोबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आता त्या गावची एक रीत होती. चावडीपुढे एक दगडी कट्टा होता, त्याला बोलकट्टा म्हणत. कट्ट्यावर चढून जे बोललं जाईल ते गावाने खरं मानायचं. बोलणाऱ्यानेच पुन्हा तिथे चढून शब्द परत घेतला तरच तो खोटा. आणि ज्याने शब्द परत घेतला त्याने त्यानंतर जन्मात कट्ट्यावर चढायचं नाही, खाली ऐकणाऱ्यांत बसायचं. माणसांनी तोंड सांभाळून बोलावं म्हणून वाडवडिलांनी हा धाक घातला होता. झालं भलतंच. माणसं बोलताना तोंड सांभाळत नसत, शब्द परत घेताना मात्र सांभाळत.

बाजाराच्या दिवशी केरोबा तणतणत कट्ट्यावर चढला.

"मंडळी, आठवून सांगा. घंटा वाजते तेव्हा धुकं असतं की नसतं?"

"असतं," लोक म्हणाले.

"आणि घंटा गप असते तेव्हा?"

"तेव्हा नसतं."

"मग धुक्याला बोलावतं कोण?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते हे शेंबड्या पोरालाही कळतं. या हिशेबाने कोंबडा सूर्याला उगवायला लावतो आणि बेडूक पाऊस पाडतात. पण शब्द कट्ट्यावरून आला होता. त्या दिवसापासून गाव म्हणू लागलं की साळूची घंटा धुकं बोलावते.

पाणवठ्यावर साळू आली की बाया हंडे उचलून बाजूला होऊ लागल्या. आया पोरांना घरात ओढू लागल्या. परगावच्यांना कट्ट्याचं ठाऊक नव्हतं, ते घंटेमागून सुखरूप जायचे. गावचे लोक मात्र घंटा ऐकली की कानांवर हात ठेवून उलट दिशेला पळायचे. आणि साळू आणि केरोबा यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य तर गावाची करमणूकच झाली. बाजारात समोरासमोर आले की ती म्हणायची, "किडे विकणारा आला." तो म्हणायचा, "आभाळ काळवंडलं, कोण आलं बघा." लोक पोट धरून हसायचे.

असं बरंच चाललं. मग एकदा केरोबा काजवे गोळा करून दुपारचा एकटाच खिंडीतून परतत होता आणि धुकं उतरलं.

"केरू," हाक आली, "पाय धुऊन घे रे, भाकरी निवते."

आवाज त्याच्या आईचा होता. आई जाऊन कैक वर्षं झाली होती. हे धुकं आहे, हे केरोबाला पक्कं माहीत होतं. पण डोक्याला माहीत असणं निराळं आणि पायांना माहीत असणं निराळं. पाय हाकेकडे निघाले. भाकरीचा वाससुद्धा आला म्हणे त्याला.

तेवढ्यात घंटा वाजली. गावचा दुसरा कोणी असता तर उलटा पळाला असता. पण घंटेबद्दलचा शब्द खोटा आहे, हे त्या गावात एका माणसाला नक्की ठाऊक होतं, कारण तो शब्द त्याचाच होता. केरोबा रडत रडत घंटेकडे वळला.

खोपटाच्या दारात साळू उभी होती. त्याला पाहून तिने घंटा खाली केली.

"अगं बाई! मी तर धुक्याला बोलावत होते. धुक्याला दाढी कधी फुटली?"

केरोबा दाराशीच कुडकुडत उभा राहिला. त्याचे दात वाजत होते. साळूने त्याला दंडाला धरून आत ओढलं, चुलीपाशी बसवलं आणि नाचणीच्या पेजेची वाटी पुढे केली.

"पी. विष नाही घातलं. मनात आलं होतं, पण पेज वाया गेली असती."

तो हसला आणि हसता हसता पुन्हा रडला. आईचा आवाज ऐकला म्हणून रडतोय हे तिने ओळखलं आणि ती त्यावर काही बोलली नाही. फटकळ बाईचं असं गप्प राहणं केरोबाला फार लागलं. आपण या बाईला काय करून बसलो, हे त्याला त्या चुलीपुढे पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या आठवड्यात तो एक कंदील घेऊन आला.

"हा धुक्यात कामाचा नाही," साळू म्हणाली.

"घरात धुकं येतं का तुझ्या?"

"किडे आहेत तुझे. खायला घालावं लागेल."

"गूळपाणी घाल. आणि त्या कोपऱ्यातल्याला रोज ओरडायचं, त्याशिवाय तो पेटत नाही."

साळूने त्या आळशी काजव्याचं नावही केरोबाच ठेवलं. मग दिवसभर खोपटातून ऐकू यायचं, "ऊठ रे केरोबा, मेल्या, किती लोळशील!" खरा केरोबा दारात उभा राहून ते ऐकायचा आणि त्याला आपण लाडके आहोत असं वाटायचं. तो लाडका होताच. तो तिच्या छपराचं गवत नीट करायचा, ती त्याच्या काजव्यांसाठी डोंगरातला जुना गूळ राखून ठेवायची. जीव जडायला याहून मोठं काही लागत नाही. दोघांचा जीव एकमेकांवर जडला, आणि उशिरा जडलेला जीव फार घट्ट असतो.

गावात मात्र जुनंच चाललं होतं. बाजारात भेटले की ती "किडेवाला" म्हणायची, तो आभाळाकडे बघायचा. लोक हसायचे. साळूला यात सुरुवातीला गंमत वाटली. पण एकदा ती हंडा घेऊन पाणवठ्यावर गेली आणि तिच्या सावलीत सापडलेलं पोर आईने फटका मारून बाजूला ओढलं, तेव्हा ती गंमत संपली.

त्या संध्याकाळी खोपटात केरोबा तिच्या कानात म्हणाला, "साळू, मला ते कधीच खरं वाटलं नव्हतं गं. मला माफ कर."

"माझ्या कानात कशाला सांगतोस?" साळू म्हणाली. "माझ्या कानाला ठाऊकच आहे. कट्ट्यावर चढ आणि गावाला सांग."

"सांगतो की."

"माझ्यासाठीच नव्हे रे. गवताला जाणाऱ्या बाया घंटा ऐकून उलट्या पळतात. आजवर कड्याजवळ कोणी नव्हतं म्हणून निभावलं. कधीतरी असेल."

"पुढच्या बाजारी सांगतो."

"सांग. मग त्याच दिवशी मी हळद लावून घेते. तोवर नाही."

पुढच्या बाजारी पाहुणे आले होते. त्याच्या पुढच्या बाजारी घसा बसला होता. एकदा मुहूर्त बरा नव्हता. केरोबा वाईट माणूस नव्हता, पण कट्ट्यावरचा त्याचा शब्द गावात मानला जाऊ लागला होता, कज्जे तोडायला लोक त्याला चढ म्हणायचे. शब्द परत घेतला की हे सगळं गेलं, जन्मभर खाली बसायचं, वर लोक हसणार. लोकांचं हसणं एकदा त्याने सोसलं होतं, म्हणून तर हे सगळं रामायण घडलं. साळू समजूतदार आहे, थांबेल, असं तो मनाला सांगायचा. समजूतदार माणसाला लोक थांबवूनच ठेवतात.

शेवटी साळूने रुसून दार लावून घेतलं, तेव्हा त्याने शपथ घेतली, "या बाजारी नक्की."

त्या दिवशी साळू हिरवं लुगडं नेसून बाजारात आली. गर्दीच्या मागे, एकटी उभी राहिली. तिच्याजवळ कोणी उभं राहतच नसे. गावातल्या काही बाया सकाळीच माळावर गवताला गेल्या होत्या, बाकी सगळं गाव जमलं होतं. केरोबा कट्ट्यावर चढला.

गावचे जाणते आबा कट्ट्याशेजारी बसायचे, शब्द ऐकून घ्यायचे. ते म्हणाले, "बोला, केरोबा."

केरोबाने साळूकडे पाहिलं. ती त्याच्याकडे असं बघत होती की त्याला आनंदच झाला. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "काय केरोबा, आज घंटेने काय केलं?" आणि सगळे हसले. प्रेमाने हसले. आपला माणूस म्हणून हसले.

त्या हसण्यात केरोबाचं धैर्य बुडालं.

"मंडळी," तो म्हणाला, "सांगायचं असं की... थंडीत काजवे लवकर दमतात. कंदील उबेत ठेवा."

लोकांनी माना हलवल्या. आबा म्हणाले, "ऐकलं." केरोबा खाली उतरला आणि मग त्याने मान वर केली. साळू पाठमोरी खिंडीकडे चालली होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी धुकं उतरलं. असं दाट धुकं गावाने पाहिलं नव्हतं. "बाया वर आहेत," कोणीतरी म्हणालं आणि गावात रडारड सुरू झाली. खिंडीतून घंटा वाजू लागली, तशी माणसं घरात शिरली आणि दारं लावून घेतली. केरोबा तेवढा खिंडीकडे धावत सुटला.

साळू खिंडीच्या तोंडाशी घंटा वाजवत होती. त्याला पाहून ती थांबली. "ऐक," म्हणाली.

लांबून बायांचे आवाज येत होते. साळूने घंटा एकदा वाजवली. आवाज आणखी लांब गेले, कड्याच्या बाजूला.

"त्या घंटेपासून पळतायत," साळू म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "तुझा शब्द माझ्या घंटेपेक्षा लांब ऐकू जातो रे."

तिने घंटा त्याच्या हातात दिली.

"मी हाक मारली तर त्यांना धुकंच वाटेल. हाताला धरून आणते एकेकीला. शेवटची बाई येईपर्यंत घंटा वाजवू नकोस. वाजवलीस तर जी उरली असेल ती कड्यावरून जाईल."

"आणि तू परत कशी येशील? घंटेशिवाय?"

"पायांना वाट ठाऊक आहे," साळू म्हणाली. तिची आईसुद्धा घंटेशिवाय धुक्यात कधी गेली नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"साळू, उद्याच मी..."

"आता नको," ती म्हणाली आणि धुक्यात गेली.

केरोबा घंटेचा लोलक मुठीत घट्ट धरून उभा राहिला. चुकून किणकिण व्हायला नको म्हणून तो श्वाससुद्धा जपून घेत होता. बऱ्याच वेळाने धुक्यातून साळू आली. एकीचा पदर दुसरीने धरलेला, अशा बाया तिच्यामागे होत्या. त्यांना दगडाच्या आडोशाला बसवून ती लगेच वळली. एक नवी सून मागे राहिली होती. तीच सगळ्यांत लांब पळाली होती, कारण सासरी आल्या दिवशीच तिला घंटेबद्दल बजावून ठेवलं होतं.

आडोशाच्या बायांचं लक्ष केरोबाच्या हाताकडे गेलं. त्या अंग चोरून मागे सरकल्या.

"वाजवू नका हो ती! अजून धुकं येईल."

"घंटेने धुकं येत नाही, बाई," केरोबा म्हणाला.

"तुम्हीच तर कट्ट्यावरून सांगितलंत."

केरोबाने लोलक आणखी घट्ट धरला.

मग धुक्यातून, कड्याच्या बाजूने, एक आवाज आला. केरोबाच्या अंगावर काटा आला, कारण आवाज त्याचा स्वतःचा होता.

"साळू! अगं, मी शब्द परत घेतला. चारचौघांत घेतला. सगळं गाव ऐकतंय, ये इकडे."

आपण बोलत नाही ना, हे बघायला केरोबाने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मग तो जिवाच्या आकांताने ओरडला, "साळू, तो मी नाही! मी इथे आहे!"

"तो मी नाही!" पलीकडून लगेच उत्तर आलं, तशाच रडक्या आवाजात. "मी इथे आहे!"

दोन केरोबा धुक्यात ओरडत होते आणि कुठला खरा, हे नुसत्या कानांनी कळायला मार्ग नव्हता. घंटेने कळलं असतं. घंटा त्याच्या हातात होती, पण नवी सून अजून आली नव्हती. केरोबाने मूठ सोडली नाही. लोलकाची कड तळव्यात रुतून रक्त आलं. आयुष्यात त्याने एवढी एकच गोष्ट साळूने सांगितली तशी आणि तेव्हाच केली.

शेवटी ती पोरगी दगड चाचपत, रांगत आली.

"साळूबाई कुठे?" केरोबाने विचारलं.

"वाटेपर्यंत आणलं त्यांनी मला," ती हुंदके देत म्हणाली. "दगडाला हात लावत सरळ जा म्हणाल्या. मग थांबल्या. म्हणाल्या, 'ऐकलंस का? म्हणाला बघ तो.' आणि हसल्या. मी म्हटलं, बाई, चला. तर म्हणाल्या, तू हो पुढे."

केरोबाने घंटा वाजवायला सुरुवात केली. हात भरून आले तरी वाजवत राहिला. आडोशाच्या बाया कान झाकून बसल्या होत्या. त्यातली नवी सून तेवढी उठली आणि त्याचा हात दमला तेव्हा तिने घंटेला हात लावला. धुकं उठलं तेव्हा गवत दिसलं, कडा दिसला. साळू दिसली नाही. तिच्यासारख्या बाईला तो आवाज कुणाचा हे कळलं नसेल का? कळलं असेलही. पण एखादी गोष्ट ऐकायला माणूस फार दिवस थांबलं, की मग ती कोण म्हणतंय हे ते बघत नाही.

पुढच्या बाजारी केरोबा कट्ट्यावर चढला. "मी शब्द परत घेतो," तो म्हणाला. "घंटेने धुकं येत नाही. मला राग आला होता, म्हणून मी खोटं बोललो. साळूशी मी लग्न करणार होतो."

आणि तो लोकांच्या हसण्याची वाट बघत उभा राहिला.

कोणी हसलं नाही. आबा म्हणाले, "घेतला." एक म्हातारा म्हणाला, "मला वाटलंच होतं तेव्हा." एक बाई म्हणाली, "बरं केलंत सांगितलंत, पोरांना सांगायला हवं." मग मिरच्यांचा भाव विचारत माणसं पांगली. ज्या गोष्टीला केरोबा इतके बाजार भीत होता, ती तांब्याभर पाणी प्यायला लागतं तेवढ्या वेळात उरकली. तो खाली उतरला आणि ऐकणाऱ्यांत जाऊन बसला. आयुष्यभर तिथेच बसला. जागा काही वाईट नव्हती.

तात्पर्य: चव्हाट्यावर दिलेला बोल कानात परत घेता येत नाही. ज्या कट्ट्यावरून शिवी दिली त्याच कट्ट्यावरून माफी मागावी, आणि ऐकणारं माणूस समोर आहे तोवर मागावी. नंतर ती धुकंही मागतं.